कपाटातले आवाज

कोल्हापुरातील एका शाळेत विज्ञान प्रदर्शनाच्या निमित्ताने आमचे जाणे झाले. प्रदर्शन पाहून झाल्यावर ग्रंथपालबाई आम्हाला ग्रंथालयातला नवा ‘श्रवण कोपरा’ दाखवायला घेऊन गेल्या. एका टेबलावर दोन टॅब, चार हेडफोन, आणि भिंतीवर मुलांनी रंगवलेला फलक. आम्ही एक टॅब उघडला. पुस्तकांची चित्रे दिसली, पण एकही पुस्तक वाजेना. बाई म्हणाल्या, “वर्षाची वर्गणी भरली होती सर, ती संपली. आता पुन्हा मंजुरी आली की सुरू होईल.”

टेबलाशेजारी एक जुने लोखंडी कपाट होते. त्याच्या खालच्या कप्प्यात तीसेक कॅसेट निघाल्या. कवितांच्या चाली, इंग्रजी संभाषणाचे धडे, आणि एकीवर निळ्या शाईत फक्त ‘स्नेहसंमेलन, पाहुण्यांचे भाषण’ असे लिहिलेले. पाहुणे कोण, साल कोणते, काही नाही. “या ऐकता येतील का?” असे विचारल्यावर बाई हसल्या. टेपरेकॉर्डर बिघडला त्यालाच वीस वर्षे झाली होती.

एकाच खोलीत दोन पिढ्यांची दोन साधने होती आणि दोन्ही मुकी होती. शाळेच्या ग्रंथालयांत बोलकी पुस्तके, पॉडकास्ट आणि ध्वनिमुद्रणाची साधने आणावीत असे आता सगळीकडे सांगितले जाते. त्याला आमचा विरोध नाही. उलट मनापासून पाठिंबा आहे. पण ज्या पद्धतीने हे चालले आहे तिच्याबद्दल काही कडक बोलणे आवश्यक वाटते. आमचे म्हणणे थोडक्यात असे: ग्रंथालयातला आवाज हा पुस्तकासारखा वागवला गेला पाहिजे. त्याची नोंद हवी, निवड हवी, शेजारी छापील मजकूर हवा, आणि तो ऐकणाऱ्या मुलांना स्वतः आवाज नोंदवण्याची संधी हवी. हे नसेल तर टॅबचीही गत कॅसेटचीच होणार.

ऐकणे म्हणजे वाचणे का?

या विषयावर शिक्षकांत दोन टोकाची मते आढळतात. काहींना वाटते, पुस्तक ऐकणे ही पळवाट आहे. त्याने मुले वाचायची बंद होतील. काहींना वाटते, ऐकून समजतेच आहे तर वाचण्याचा आग्रह कशाला? दोन्ही मते तपासून पाहायला हवीत.

१९८६ साली फिलिप गॉफ आणि विल्यम टन्मर या संशोधकांनी वाचनाबद्दल एक सोपी मांडणी केली. वाचून समजण्याची क्षमता म्हणजे दोन गोष्टींचा गुणाकार: लिपी उलगडण्याची क्षमता आणि बोललेले समजण्याची क्षमता. येथे बेरीज नाही, गुणाकार आहे, हे महत्त्वाचे. गुणाकारात एक संख्या शून्य असली की उत्तर शून्य. एखादा मुलगा अक्षरे खडाखडा वाचतो, पण ‘अवर्षण’, ‘कृतज्ञ’, ‘वाताहत’ असे शब्द त्याच्या कानावरून कधी गेलेलेच नाहीत. त्याला वाचूनही अर्थ लागत नाही. दुसऱ्या मुलीला गोष्ट ऐकून सगळी समजते, पण जोडाक्षर आले की ती अडखळते. बोलके पुस्तक पहिल्या मुलाच्या नेमक्या उणिवेवर काम करते. दुसऱ्या मुलीला नुसते ऐकवत राहिलो तर तिची अडचण आहे तिथेच राहते. तिच्या समोर छापील पान हवे आणि बोट आवाजाबरोबर ओळीवरून फिरायला हवे.

मोठ्या वयाच्या विद्यार्थ्यांचे काय? २०१० साली डॅनियल आणि वुडी यांनी अमेरिकेतील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. एका गटाने मजकूर वाचला, दुसऱ्याने तोच पॉडकास्टवर ऐकला. नंतरच्या चाचणीत ऐकणारे मागे पडले. एका प्रयोगावरून निष्कर्ष काढू नये हे आपण विद्यार्थ्यांना शिकवतोच. २०२२ साली व्हर्जिनिया क्लिंटन-लिसेल यांनी अशा ४६ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. त्यात ऐकणे आणि वाचणे यांत एकंदरीने फारसा फरक आढळला नाही. मात्र जिथे वाचणाऱ्याला आपल्या गतीने वाचायची मुभा होती, आणि जिथे मजकुरातून अनुमान काढायचे होते, तिथे वाचन सरस ठरले.

याचे कारण आपण स्वतःच्या अनुभवातून ओळखू शकतो. वाचताना डोळा सारखा मागे जातो. अवघड वाक्यावर थांबतो, आधीचे वाक्य पुन्हा पाहतो आणि सोपे आले की पळतो. आवाज मात्र सर्वांना एकाच चालीने पुढे नेतो. थांबवण्याचे बटण असते, पण गोष्ट रंगात आलेली असताना ते दाबतो कोण? म्हणून गोष्ट, आठवण, नाटुकले, मुलाखत यांना आवाज फार चांगला. प्रकाशाच्या अपवर्तनाची सिद्धता किंवा रासायनिक समीकरणे यांना तो अपुरा. आमच्या पाहण्यात आलेल्या शैक्षणिक ध्वनिफितींचा मोठा दोष हाच: पाठ्यपुस्तकातला धडा उचलायचा आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत एका सुरात वाचायचा. आकृतीकडे बघायला सांगणारे वाक्यसुद्धा तसेच वाचायचे. ऐकणाऱ्याने आकृती पाहायची कुठे?

ज्यांच्यासाठी हेच पुस्तक आहे

एका वर्गाच्या बाबतीत मात्र ‘ऐकणे की वाचणे’ हा वादच गैरलागू आहे. एडिसनने १८७७ साली फोनोग्राफ तयार केला आणि पुढच्याच वर्षी त्याच्या संभाव्य उपयोगांची यादी एका लेखात दिली. तिच्यात अंध व्यक्तींसाठी बोलकी पुस्तके होती. प्रत्यक्षात ती यायला अर्धे शतक गेले. अमेरिकेत १९३४ आणि ब्रिटनमध्ये १९३५ साली लांब वाजणाऱ्या तबकड्यांवर पुस्तके निघाली. एका कादंबरीला तबकड्यांची चळतच लागे. आज सर्वांच्या खिशात असलेले बोलके पुस्तक मुळात अंध वाचकांसाठी तयार झाले, हे विद्यार्थ्यांना जरूर सांगावे.

या वाचकांच्या गरजेतूनच एक महत्त्वाची तांत्रिक सुधारणा झाली. आठ तासांची एकसलग फीत म्हणजे पान क्रमांक आणि अनुक्रमणिका फाडून टाकलेले पुस्तक. सहाव्या प्रकरणातला तिसरा परिच्छेद त्यात शोधायचा कसा? १९९६ पासून विकसित झालेल्या ‘डेझी’ या मानक पद्धतीत आवाजाला प्रकरण, उपशीर्षक, पान अशा खुणा जोडलेल्या असतात आणि वाचक हव्या त्या खुणेवर उडी मारू शकतो. भारतात २०१६ साली सुरू झालेल्या ‘सुगम्य पुस्तकालय’ या ऑनलाइन ग्रंथालयातून दृष्टिबाधित वाचकांना अशी पुस्तके मिळतात. आपल्या शाळेत असा एक जरी विद्यार्थी असेल, तर श्रवण कोपऱ्याची सुरुवात त्याच्या नावनोंदणीपासून व्हावी. आम्ही पाहिलेल्या त्या कोपऱ्यात चार हेडफोन होते, पण दृष्टिबाधित मुलाला हाताने चाचपून कळेल अशी एकही खूण नव्हती.

शंकर पाटलांची गोष्ट

आता कोल्हापूरच्याच एका उदाहरणाकडे वळू. कथाकार शंकर पाटील यांचा जन्म १९२६ साली हातकणंगले तालुक्यातील पट्टणकोडोली गावी झाला. ‘वळीव’, ‘धिंड’, ‘ऊन’ हे त्यांचे कथासंग्रह आणि ‘टारफुला’ ही कादंबरी मराठी शिक्षकांना परिचित आहे. व्यंकटेश माडगूळकर, द. मा. मिरासदार आणि शंकर पाटील या तिघांनी मिळून गावोगावी कथाकथनाचे कार्यक्रम केले आणि कथा हा वाचायचा प्रकार पुन्हा ऐकायचा प्रकार केला. त्यांच्या कथाकथनाच्या कॅसेट एके काळी आमच्या भागात घरोघर वाजत असत. आमच्या पिढीतल्या कित्येकांनी त्यांची कथा आधी ऐकली आणि मग वाचली.

ज्याने दोन्ही केले आहे त्याला एक गोष्ट चटकन जाणवते. छापील कथेत संवाद आहेत, पण त्या संवादांची चाल नाही. पंचगंगेच्या काठच्या माणसाचे ‘व्हय’ हे होकाराचे, संशयाचे, चेष्टेचे आणि रागाचेही असू शकते. कागदावर ते चारही वेळा सारखेच उमटते. वाक्य कुठे तोडायचे, कुठे दम घ्यायचा, हसू यायच्या आधी किती वेळ गप्प राहायचे, हे सगळे आवाजातच असते. आपली देवनागरी लिपी शास्त्रशुद्ध आहे असे आपण अभिमानाने सांगतो आणि ते बरेचसे खरे आहे; पण ‘चार’ आणि ‘चारा’ यांतले दोन वेगळे ‘च’ किंवा ‘जन्म’ आणि ‘जरा’ यांतले दोन वेगळे ‘ज’ ती एकाच अक्षराने लिहिते. हेलाचे तर चिन्हच तिच्याकडे नाही.

येथे आमची दुसरी तक्रार येते. आज मुलांसाठी तयार होणाऱ्या मराठी ध्वनिफितींत बहुधा एकच आवाज ऐकू येतो: स्टुडिओतला, घासूनपुसून घेतलेला, प्रमाण उच्चारांचा. निवेदनाला तो ठीक आहे. पण कथेतला शेतकरी, मेंढपाळ, बाजारात बसलेली म्हातारी हेही त्याच आवाजात बोलू लागतात. किंवा मग मुद्दाम हसू यावे अशा बेगडी ‘गावरान’ ढंगात बोलतात. कागल किंवा राधानगरीच्या शाळेतल्या मुलाच्या कानावर यातून एक धडा न शिकवता जातो: पुस्तकात आवाज असतो तो दुसऱ्यांचा, आपल्या घरातला आवाज पुस्तकात आला तर फक्त हसण्यासाठी. असा मुलगा वर्गात तोंड उघडत नाही. प्रश्न विचारायला भाषा लागते, आणि ती आपल्याकडे नाही असे त्याला वाटू लागते. विज्ञान शिकवणाऱ्या शिक्षकाला याची झळ सर्वांत आधी बसते, कारण प्रश्न न विचारणाऱ्या वर्गात विज्ञान शिकवता येत नाही.

शंकर पाटील पुण्याच्या आकाशवाणीवरही होते आणि पुढे पाठ्यपुस्तकांच्या कामातही होते. प्रमाण भाषा त्यांना उत्तम येत होती. तरी कथा सांगताना त्यांनी आपली बोली टाकली नाही, आणि श्रोत्यांनी ती कथा म्हणून ऐकली. श्रवण कोपऱ्यासाठी ध्वनिफीत निवडताना शिक्षकांनी ही कसोटी लावावी: हिच्यात माणसे आपापल्या आवाजात बोलतात का?

मुद्रण यंत्र मुलांच्या हाती

येथवर आपण तयार ध्वनिफिती ऐकण्याबद्दल बोललो. आमच्या मते शाळेत खरा फायदा याच्या पुढच्या पायरीत आहे. मुलांनी स्वतः आवाज नोंदवावा. याचा नमुना महाराष्ट्रातच आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी पुण्याहून सुरू केलेल्या कामातून जात्यावरच्या १ लाखाहून अधिक ओव्या १००० पेक्षा जास्त गावांतून गोळा झाल्या. पुढे बर्नार्ड बेल यांच्या सहभागाने सुमारे १२० तासांचे ध्वनिमुद्रणही झाले. २०१७ पासून हा संग्रह ‘पारी’ या ग्रामीण भारताविषयीच्या संकेतस्थळावर खुला होत गेला आहे.

या कामातून शिकण्यासारखे आहे ते ओव्यांच्या संख्येपेक्षाही नोंदीचे. ओवी कोणी गायली, गाव कोणते, तालुका कोणता, विषय कोणता, हे लिहून ठेवलेले आहे. त्यामुळेच वर्षांनंतर त्या बाईंना किंवा त्यांच्या लेकीसुनांना पुन्हा भेटता आले. गिरण्या आल्या आणि जाती थांबली. जात्याबरोबर ओव्याही थांबल्या असत्या. ‘स्नेहसंमेलन, पाहुण्यांचे भाषण’ एवढेच लिहिलेली कॅसेट आणि हा संग्रह यांत फरक आहे तो केवळ वहीत लिहिलेल्या चार ओळींचा.

आठवी-नववीच्या मुलांना हे काम सहज जमते. गुऱ्हाळावर गूळ करणाऱ्या गुळव्याला काहिलीतला रस उतरवायची वेळ कशी कळते? कोल्हापुरी चप्पल शिवणारे कारागीर कातडे कसे कमावतात? २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पाणी गल्लीत कुठवर आले होते? अशा प्रश्नांची दहा-दहा मिनिटांची मुद्रणे म्हणजे शाळेचे स्वतःचे पुस्तक. आणि त्यात भूगोल, रसायन, इतिहास, भाषा सगळे येते. मुलाखत घेण्यापूर्वी त्या व्यक्तीची संमती घ्यावी, मुद्रण कोण ऐकणार ते सांगावे आणि नंतर तिला ते ऐकवावे, एवढा शिष्टाचार पाळला की झाले.

खोली का बोलते?

मुलांनी केलेले पहिले मुद्रण बहुधा वाईट निघते. आवाज विहिरीतून आल्यासारखा येतो. शिक्षक म्हणतात, चांगला मायक्रोफोन हवा. बहुतेक वेळा दोष मायक्रोफोनचा नसून खोलीचा असतो, आणि हा विज्ञानाचा उत्तम धडा आहे.

१८९५ च्या सुमारास हार्वर्ड विद्यापीठातील एका नव्या व्याख्यानगृहात बोललेले काही समजेना. उच्चारलेला शब्द पाच सेकंदांहून अधिक काळ घुमत राही. वॉलेस सॅबिन या तरुण प्राध्यापकावर हे कोडे सोपवले गेले. तो रात्रीच्या शांततेत शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या त्या सभागृहात नेऊन मांडी, घुमण्याचा काळ मोजी, आणखी गाद्या मांडी, पुन्हा मोजी. त्यातून त्याला नियम सापडला: घुमण्याचा काळ सेकंदांत = ०.१६१ × खोलीचे घनफळ ÷ एकूण शोषण. शोषण मोजताना १ चौरस मीटर उघडी खिडकी म्हणजे १ एकक धरतात, कारण तिथून गेलेला आवाज परत येत नाही.

आपली वर्गखोली ८ मीटर लांब, ६ मीटर रुंद, ३.५ मीटर उंच धरू. घनफळ १६८ घनमीटर. भिंती, जमीन आणि छत मिळून पृष्ठभाग १९४ चौरस मीटर. गिलावा आणि फरशी आवाज फारसा शोषत नाहीत. सरासरी ५ टक्के धरले तर शोषण ९.७ एकके. सूत्रात घातले की काळ येतो सुमारे २.८ सेकंद. आता त्याच खोलीत ४० मुले बसवा. प्रत्येक मुलाचे शोषण साधारण ०.४ एकक धरले तर १६ एकके वाढली. काळ एकदम १ सेकंदाच्या आसपास येतो! म्हणजे मुद्रणासाठी शांत म्हणून रिकामा वर्ग निवडणे ही चूकच. पुस्तकांच्या उघड्या मांडण्या असलेले ग्रंथालय जास्त चांगले. दोन बाजूंना दोरीवर गोधड्या वाळत घातल्यासारख्या टांगल्या तर आणखी चांगले.

दुसरी सूचना अंतराची. मोकळ्यात ध्वनीची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते. मोबाइल तोंडापासून २ मीटरवर ठेवण्याऐवजी २० सेंटिमीटरवर ठेवला तर थेट आवाज १०० पट तीव्र मिळतो, खोलीचे घुमणे मात्र तेवढेच राहते. हे दोन्ही प्रयोग कोणत्याही साध्या मोबाइलवर एका तासिकेत करता येतात.

जागेची चिंता नको. २०० पानांचे, ५० हजार शब्दांचे पुस्तक मिनिटाला १२० शब्दांच्या गतीने वाचले तर सुमारे ७ तास होतात. बोलण्यासाठी पुरेशा अशा सेकंदाला ६४ हजार बिट या दराने त्याला २०० मेगाबाइट लागतात. १६ गिगाबाइटच्या नखाएवढ्या कार्डावर अशी ७५ हून अधिक पुस्तके मावतात.

टिकेल ते ग्रंथालयाचे

आता पुन्हा त्या कपाटाकडे येऊ. सप्टेंबर १९७७ मध्ये सुटलेल्या व्हॉयेजर १ यानावर एक सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी आहे. तिच्यावर ५५ भाषांतले अभिवादन आहे आणि त्यांत मराठीही आहे. संगीतात केसरबाई केरकरांचे सुमारे साडेतीन मिनिटांचे भैरवीतले गाणे आहे. यान सुटले ५ सप्टेंबरला. केसरबाई वारल्या १६ सप्टेंबरला. त्यांचे गुरू अल्लादियाखाँ हे शाहू महाराजांच्या काळात कोल्हापूर दरबारचे गायक. गुरूंचे स्वतःचे गाणे आज ध्वनिमुद्रित रूपात ऐकायला मिळत नाही, शिष्येचा आवाज मात्र २०१२ साली सूर्याच्या प्रभावक्षेत्राच्याही बाहेर पडला.

ही तबकडी पाठवणाऱ्यांनी एक शहाणपणा केला. तबकडीबरोबर ती वाजवण्याची सुई आणि तिचे धारकही पाठवले आणि वेष्टणावर ती कशी वाजवायची याची चित्रे कोरली. ऐकणाराकडे यंत्र असेलच असे त्यांनी गृहीत धरले नाही. आपल्या शाळांनी कॅसेट ठेवल्या आणि यंत्र भंगारात दिले. आता टॅबच्या बाबतीत आपण याहून मोठी चूक करत आहोत, कारण कॅसेट निदान आपल्या मालकीच्या होत्या. वर्गणीच्या अॅपवर पुस्तक विकत मिळत नाही. ठरावीक मुदतीपुरती ऐकण्याची मुभा मिळते, आणि अशी वर्गणी बहुधा एका व्यक्तीसाठी असते, ग्रंथालयासाठी नसते. अॅप स्वतःही टिकेलच असे नाही. ‘पॉडकास्ट’ हा शब्द २००४ साली ज्या आयपॉडवरून पडला, त्याचे उत्पादन २०२२ साली थांबले. गूगलचे पॉडकास्ट अॅप २०२४ साली बंद झाले.

म्हणून ग्रंथालयाने जमेल तेवढा संग्रह सर्वत्र चालणाऱ्या साध्या ध्वनि-फाइलींच्या रूपात, स्वतःकडे, दोन वेगळ्या ठिकाणी ठेवावा. प्रत्येक मुद्रणाला दाखल क्रमांक द्यावा आणि त्याच जाड नोंदवहीत लिहावे जिथे पुस्तके लिहितो: काय आहे, कोणाचा आवाज, कोठे व केव्हा मुद्रित केले, किती मिनिटे, संमती घेतली का, छापील प्रत कुठल्या मांडणीवर आहे. कपाटातल्या जुन्या कॅसेटही टाकू नयेत. गावात कोणाकडे तरी चालता टेपरेकॉर्डर असतो. तो मोबाइलला तारेने जोडून आधी शाळेच्या स्वतःच्या कार्यक्रमांच्या कॅसेट उतरवून घ्याव्यात. आपल्याकडच्या पावसाळ्यात फितीवर बुरशी धरते. जितका उशीर तितके नुकसान.

कायद्याचे दोन शब्द. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे त्याच्या पुस्तकावर स्वामित्व हक्क राहतो. शंकर पाटील १९९४ साली वारले. त्यांच्या कथांचे मुद्रण करून वाटायचे तर हक्कधारकांची परवानगी हवी. साने गुरुजी १९५० साली गेले. त्यामुळे १९३५ साली प्रसिद्ध झालेली ‘श्यामची आई’ २०११ पासून सर्वांना खुली आहे. शिवाय ती रात्रीमागून रात्र सांगितलेल्या आठवणींच्या रूपातच लिहिलेली आहे. आठवीच्या वर्गाने एकेक रात्र वाटून घेऊन ती आपल्या आवाजात पाचवीसाठी मुद्रित करावी, यासारखा उपक्रम नाही. वाचनात अडथळा आणणारे अपंगत्व असलेल्या विद्यार्थ्यांसाठी मात्र २०१२ च्या दुरुस्तीने हक्क असलेल्या पुस्तकांचेही सुलभ रूप करायला वाट दिली आहे. पुढे माराकेश कराराला मान्यता देणारा भारत २०१४ साली जगात पहिला ठरला.

एक करून पाहण्यासारखा प्रयोग

शिक्षक विचारतील, हे सगळे करायला वेळ कुठे आहे? प्रश्न रास्त आहे. अभ्यासक्रम, सर्वेक्षणे आणि माहितीचे तक्ते यांतून उरलेला वेळ थोडाच असतो, आणि कित्येक शाळांना पूर्णवेळ ग्रंथपालही नाही. म्हणून आम्ही सगळे एकदम सुचवत नाही. वर्षाला दहा मुद्रणे पुरेत. पण ती निवडलेली, नोंदवलेली आणि मुलांनी खरोखर ऐकलेली असावीत. शंभर पुस्तकांची चित्रे दाखवणाऱ्या मुक्या टॅबपेक्षा ती दहा केव्हाही मोलाची.

सुरुवात मात्र प्रयोगाने करा. वर्गाचे दोन गट पाडा. एका गटाने एक उतारा वाचावा, दुसऱ्याने तोच ऐकावा. दोन्ही गटांना काही प्रश्न सरळ मजकुरातले आणि काही अनुमानाचे विचारा. पुढच्या आठवड्यात दुसरा उतारा घेऊन गटांची अदलाबदल करा. गोष्टीचा उतारा आणि विज्ञानाचा उतारा असे वेगळे करून पाहा. आपल्या वर्गाचे उत्तर अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांपेक्षा वेगळे येऊ शकते, आणि ते आपल्या वर्गाबद्दल आपल्याला काहीतरी सांगेल.

परत निघताना आम्ही ती निळ्या शाईतली कॅसेट ग्रंथपालबाईंकडून मागून घेतली. आमच्या प्रयोगशाळेत एक जुना टेपरेकॉर्डर अजून चालतो. पाहुणे कोण होते ते ऐकल्यावर कळेलच. निदान त्यांचे नाव आणि साल नोंदवहीत लिहिता येईल.